मगदूम अण्णांची हातखूण

माहिती सुरक्षा धोरणाचं चौथं कलम कार्तिकी होनमानेनं टाइप केलं, तेच मुळी ते कलम मोडून. तेव्हा ही गोष्ट कुणाच्या ध्यानात आली नाही, आणि आली असती तरी सगळ्यांनी हसून सोडून दिली असती.

"कलम चार," मगदूम अण्णा डोळे मिटून सांगत होते. "कोणताही विद्यार्थी-सेवक... कार्यालयातील कर्मचाऱ्याच्या खात्यावरून... कोणत्याही सबबीखाली... काम करणार नाही. झालं?"

"झालं. पुढं?"

"पुढं कलम पाच. थांब, आधी चहा येऊ दे."

कार्तिकी बसली होती अण्णांच्या खुर्चीत, अण्णांच्या संगणकासमोर, अण्णांचं खातं उघडून. अण्णा शेजारच्या स्टुलावर, उजवा हात पँटच्या खिशात घालून. सांगायची त्यांची एक लकब होती. दोन-तीन शब्द, मग एक श्वास, पुन्हा दोन-तीन शब्द. कार्तिकीची बोटं त्या चालीवर इतकी बसली होती की अण्णा श्वासाला थांबले की तीही थांबत.

आमणी हे मिरजेपासून एसटीनं तासाभराचं गाव. तिथल्या महाविद्यालयात आण्णासाहेब मगदूम हे हेडक्लार्क. गेल्या तीस वर्षांत प्राचार्य आले नि गेले, कार्यालय मात्र अण्णांनीच चालवलं. तरुणपणी मराठी टंकलेखनाच्या परीक्षेत आपण जिल्ह्यात पहिले आलो होतो, हे ते नव्या माणसाला पहिल्याच भेटीत सांगून टाकत. कार्तिकी ही 'कमवा आणि शिका' योजनेतली मुलगी, रसायनशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला. रोज तीन तास कार्यालयात काम करायचं, त्या बदल्यात फी माफ आणि वसतिगृहात योजनेच्या कोट्यातली एक खाट. तिच्या दृष्टीनं मोलाची होती ती खाट. आईवडील मेंढरं घेऊन वर्षातले आठ महिने फिरतीवर. आज या गावच्या शिवारात, परवा त्या. पत्ता म्हणून कागदावर लिहावा असा तिला एकच पत्ता होता: मुलींचं वसतिगृह, खोली नंबर अकरा. योजना सुटली की खाट सुटणार, आणि खाट सुटली की मार्चमधली प्रॅक्टिकल्स नि पदवी दोन्ही हातची जाणार, हा हिशेब तिला पक्का ठाऊक होता.

धोरणाची एवढी घाई सुरू होती ती हातखुणीमुळे. त्या वर्षी विद्यापीठानं सगळ्या महाविद्यालयांतले पासवर्ड रद्द केले. पासवर्ड ही वस्तू आपल्याकडे गुपित अशी कधी राहिलीच नाही. तो टेबलाच्या काचेखाली चिठ्ठीवर असायचा, शिपायाला पाठ असायचा, आणि साहेब लग्नाला गेलेले असले तर मांडवात फोन करून विचारला जायचा. त्या जागी आता हातखूण नावाचं यंत्र येणार होतं. कळफलकाखाली बसवलेली एक पातळ पट्टी आणि तिच्या मागे शिकणारी एक प्रणाली, इतकंच त्याचं बाह्यरूप.

संगणक विभागाच्या वांगीकर मॅडमकडे माहिती सुरक्षा कक्ष होता. त्यांनी सभागृहात सगळ्या कर्मचाऱ्यांना बसवून समजावलं. "तुम्ही काय टाइप करता ते हे यंत्र बघत नाही, कसं टाइप करता ते बघतं. एक कळ तुमच्या बोटाखाली सेकंदाचा कितवा भाग दबलेली राहते, तिथून दुसऱ्या कळीवर जायला किती वेळ लागतो, शब्द संपल्यावर तुम्ही किती थांबता. 'महाराष्ट्र' लिहिताना शेवटच्या जोडाक्षरापाशी सगळेच अडखळतात, पण प्रत्येकाचं अडखळणं वेगळं असतं. शिवाय निरोगी माणसाचा हातसुद्धा सेकंदाला आठ ते बारा वेळा थरथरत असतो. डोळ्यांना ते दिसत नाही, पट्टीला कळतं. हे सगळं मिळून जी खूण तयार होते, ती दोन माणसांची सारखी निघत नाही. जुळ्या भावांचीही नाही."

पहिले सहा आठवडे यंत्र गप्प राहून शिकणार होतं. त्यानंतर ज्याचं खातं त्यानं समोर बसून काहीही चाळीस शब्द टाइप केले की दार उघडणार. मध्येच दुसरं कुणी बसलं, तर चाळीसेक शब्दांत यंत्राच्या ते लक्षात येणार आणि कुलूप पडणार.

"आणि हात मोडला तर?" मागून कुणीतरी विचारलं.

"तर पुन्हा सहा आठवडे," मॅडम म्हणाल्या आणि सभागृह हसलं. अण्णा हसले नाहीत, पण त्यांच्याकडे कुणी बघत नव्हतं.

त्या सहा आठवड्यांत अण्णांच्या खात्यावर सगळ्यात लांबलचक काय टाइप झालं असेल, तर ते माहिती सुरक्षा धोरणच. एकोणीस कलमं, चार दुरुस्त मसुदे. सांगितलं अण्णांनी, बडवलं कार्तिकीनं, आणि यंत्र खाली पडून सगळं निमूटपणे शिकत राहिलं.

कुलूप सुरू झालं त्या दिवशी अण्णा कार्यालयात सगळ्यांच्या आधी आले. कार्तिकी आली तेव्हा ते खुर्चीत एकटेच बसले होते आणि पडद्यावर लिहिलेलं होतं, 'हात ओळखीचा नाही.'

"तीनदा झालं," अण्णा म्हणाले. "बस तू."

ती बसली. अण्णांनी एका स्मरणपत्राचा मजकूर सांगितला, तिनं टाइप केला. चाळीस शब्द झाले आणि पडदा उजळला. 'नमस्कार, आ. बा. मगदूम.'

कार्तिकीला हसू फुटलं. "अण्णा, मीच हेडक्लार्क झाले की! वांगीकर मॅडमना सांगूया, लई हसतील."

"आन् मग काय म्हणतील त्या? म्हणतील, अण्णा, तुम्ही स्वतः टाइप करा, यंत्र नव्यानं शिकंल." अण्णांनी दाराकडे एकदा पाहिलं आणि खिशातला हात काढून टेबलावर ठेवला. अंगठा नि तर्जनी एकमेकांवर फिरत होती, समईची वात वळावी तशी. थांबत नव्हती. "मला आता धड सही येत न्हाई, पोरी."

कार्तिकीचं हसू कुठल्या कुठे गेलं. "कधीपासनं?"

"दीड वर्ष झालं. मिरजेला डॉक्टरकडं जातो. गोळ्या हाईत, पण हे काय बरं होणारं दुखणं न्हवं."

"घरात?"

"घरात ठाऊक न्हाई. आत्ता तुला दाखवलं तेवढंच." अण्णांनी हात पुन्हा खिशात घातला. "नोकरीची पावणेदोन वर्षं राहिलीत माझी. कळलं तर लायब्ररीत पुस्तकं मोजायला बसवतील. हेडक्लार्क म्हणून आलो, हेडक्लार्क म्हणून जाऊ दे मला."

पहिल्या वर्षी कार्तिकीकडे रहिवासाचा दाखला नव्हता. कायम राहतच नव्हती कुठे, तर दाखला कोण देणार? तेव्हा अण्णांनी तीन ग्रामपंचायतींना स्वतः पत्रं लिहून तिचा अर्ज योजनेत बसवला होता. पत्राचा मायना, टिपणी, फाइलला दोरा बांधायची रीत, सगळं तिला त्यांनीच शिकवलं. तिचा अण्णांवर जीव होता. नाही म्हणायचं तिला सुचलंही नाही.

मग रोजचं असं ठरून गेलं. अण्णा स्टुलावर, कार्तिकी खुर्चीत. कुणी विचारलं तर, "चष्म्याचा नंबर वाढलाय, पोरगी जरा मदत करती." कुणी दुसऱ्यांदा विचारलं नाही.

नोव्हेंबरमध्ये अण्णांची मिरजेची तारीख कामाच्या दिवशी आली. सकाळी हजेरी लावून ते मागच्या फाटकानं निघून गेले. दुपारच्या आत बत्तीस दाखले निघायचे होते, म्हणून दवाखान्याच्या ओसरीत बाकावर बसून त्यांनी फोनवरून सांगायला सुरुवात केली आणि कार्तिकीनं फोन मोठ्या आवाजावर ठेवून टाइप करायला. यंत्राची काही तक्रार नव्हती. एकोणिसाव्या दाखल्याला अण्णा म्हणाले, "थांब, माझा नंबर आला. खातं बंद करून ठेव," आणि फोन बंद झाला.

खातं बंद करायला तिनं हात उचलला आणि खिडकीशी हिरुगडे सर येऊन उभे राहिले. रसायनशास्त्राचे विभागप्रमुख. तिचेच सर.

"अण्णा कुठायत?"

"बाहेर गेलेत, सर."

"बरं, तू आहेस ना. तिसऱ्या वर्षाच्या सगळ्या मुलींची यादी हवीय. नाव, पालकांचा मोबाइल, मागच्या सत्राचे गुण. एक मार्गदर्शनाचा कार्यक्रम घ्यायचाय. माझ्या घरच्या मेलवर टाक, कॉलेजचा मी उघडत नाही."

"सर, ते कलम सात आहे... खाजगी मेलवर..."

"कसलं कलम?" सर मोकळेपणानं हसले. "अगं, मी विभागप्रमुख आहे की पाकीटमार? टाक लवकर, मला तास आहे."

सर समोर उभे असताना त्यांना नाही कसं म्हणायचं, हे आपल्याकडे कुठल्याच इयत्तेत शिकवत नाहीत. कार्तिकीनं यादी काढली आणि पाठवली. चार ठिकाणी टिचकी, एक पत्ता. चाळीस शब्दांच्या कितीतरी आत सगळं उरकलं, त्यामुळे यंत्रालाही संशय आला नाही. अण्णांना सांगायचं तिच्या मनातून निसटून गेलं, कारण तिच्या लेखी तिनं अपराध केला नव्हता, काम केलं होतं.

डिसेंबरात पालकांना फोन येऊ लागले. हिरुगडे सरांच्या मेव्हण्याचा शहरात खाजगी क्लास होता. त्या क्लासचा फोन करणारा माणूस नव्हता, संगणकानं घडवलेला आवाज होता. पण आवाज असा गोड की कळू नये. "पूर्वाचे बाबा ना? नमस्कार. पूर्वा गेल्या सत्रात दोन विषयांत राहिलीय, काळजी करू नका, आमच्याकडे तिच्यासाठी खास तुकडी आहे." पूर्वा चिखलेच्या बाबांनी हे पहिल्यांदाच ऐकलं. पूर्वानं घरी सांगितलं नव्हतं. मार्चमध्ये ते विषय काढायचे आणि मग सांगायचं, असं तिचं चाललं होतं. तिसऱ्या दिवशी बाबा जीप घेऊन आले. पूर्वा खोली अकरामध्ये, कार्तिकीच्या शेजारच्याच खाटेवर असायची. ट्रंक उचलताना ती म्हणाली, "माझे मार्क दिले कुणी गं बाहेर? कुणाचं काय वाईट केलं होतं मी?"

कार्तिकीला त्या क्षणी सगळं लख्ख कळलं. ट्रंकेची दुसरी कडी धरून ती जीपपर्यंत गेली, एवढंच.

तक्रारी विद्यापीठापर्यंत गेल्या. हिरुगडे सरांनी कानांवर हात ठेवले: मी कार्यालयाकडे यादी मागितली, द्यायची की नाही हे कार्यालयानं बघायचं. वांगीकर मॅडमनी नोंदी काढल्या. यादी मगदूमांच्या खात्यावरून गेली होती. त्याआधी बाराच मिनिटं यंत्रानं हात तपासला होता आणि तो मगदूमांचाच असल्याचा निर्वाळा दिला होता, शंभरात साडेनव्व्याण्णव खात्रीनं. फाटकावरच्या कॅमेऱ्यातलं चित्रण महिन्यानं आपोआप पुसलं जाई. ते कधीच पुसलं गेलं होतं. प्राचार्य कुंभोजकरांनी अण्णांना बोलावून विचारलं, आणि अण्णा म्हणाले, "होय, मीच पाठवली." सोमवारी अकरा वाजता लेखी जबाब, मग निलंबन, मग खात्याची चौकशी.

कार्तिकीनं त्यांना जुन्या फायलींच्या खोलीत गाठलं. "अण्णा, तुम्ही त्या दिवशी मिरजेला होता. दवाखान्याचा कागद हाय की तुमच्याकडं."

"हाय. आन् तो दाखवला की पहिला सवाल काय? मग खुर्चीत कोण होतं? कलम अकरा आठवतंय का?"

तिनंच टाइप केलं होतं, न आठवून कसं चालेल? 'उल्लंघन सिद्ध झाल्यास संबंधित विद्यार्थी-सेवकास त्याच दिवशी योजनेतून कमी करण्यात येईल.' 'त्याच दिवशी' हे शब्द अण्णांनी नंतर घातले होते, मसुद्याला धार यावी म्हणून.

"तुला खुर्चीत बसवलं मी," अण्णा म्हणाले. "माझं आता काय राहिलंय? तुझं सगळंच राहिलंय. पदवी घे, मग काय बोलायचं ते बोल."

"मला पूर्वानं विचारलं अण्णा, कुणी दिले मार्क म्हणून. तुमचं नाव लागलं तर ती जन्मभर तुम्हाला शिव्या देणार. आन् मी तिच्या मोकळ्या खाटेकडं बघत झोपायचं?"

"झोप लागती, पोरी. सवय झाली की सगळ्यांना लागती." अण्णांनी एक फाइल उगीचच झटकली. "गप बसायचं. मी सांगतोय न्हवं?"

दोन दिवस ती गप्प बसली. तिला भीती वाटत होती आणि भीतीची लाज वाटत होती. जेवणाच्या ताटावर बसून ती मनातल्या मनात आपल्या वस्तू मोजी: एक गादी, एक पत्र्याची पेटी, वह्या. पेटी घेऊन जायचं कुठे, इथे मोजणी अडकायची. आई-बाबा त्या वेळी कुठल्या गावच्या शिवारात होते, हेही तिला नक्की माहीत नव्हतं.

सोमवारी अकराला कार्यालयाची खिडकी बंद ठेवली होती. अण्णांच्या टेबलाशी प्राचार्य, वांगीकर मॅडम आणि अण्णा बसले होते. जबाबाचा कागद अण्णांपुढे होता. कार्तिकी न विचारता आत आली.

"सर, यादी मी पाठवली."

"कार्तिकी, बाहेर हो," अण्णा म्हणाले.

"अण्णा तिथं नव्हतेच. खातं अण्णांचं होतं, हात माझा होता. जूनपासून माझाच हात आहे."

प्राचार्यांनी मॅडमकडे पाहिलं. मॅडमनी मान हलवली. "असं होऊच शकत नाही. पण तपासायला काय जातंय? बस, टाइप कर."

कार्तिकी बसली आणि तोंडपाठ असलेलं स्मरणपत्र तिनं टाइप केलं. 'हात ओळखीचा नाही.' तिला वाटलं, घाबरल्यामुळे झालं. दोन्ही तळवे ओढणीला पुसून तिनं पुन्हा केलं. 'हात ओळखीचा नाही.' तिसऱ्यांदाही तेच.

प्राचार्यांच्या चेहऱ्यावर सुटल्याचा भाव आला. ते वाईट माणूस नव्हते. "बाळ, अण्णांवर तुझी माया आहे, ते दिसतंय आम्हाला. पण यंत्राला माया नसते. जा तू. तुझं नाव यात कुठेही येणार नाही."

"जा पोरी," अण्णा म्हणाले. "प्रॅक्टिकलचा अभ्यास कर."

ती उठली. खरं बोलून झालं होतं आणि खाटही शाबूत राहिली होती. याहून अधिक काय हवं? क्षणभर तिला इतकं हलकं वाटलं की रडूच यायला लागलं. दाराशी जाऊन ती थांबली. हात तेच, खुर्ची तीच, कळा त्याच. रोज उघडणारं खातं आज का उघडत नाही? रोजच्यात आणि आजच्यात फरक काय? तिनं वळून पाहिलं, तर अण्णा मान खाली घालून, ओठ घट्ट मिटून बसले होते. तिच्या आधीच त्यांना कळलेलं होतं.

ती परत येऊन खुर्चीत बसली. "अण्णा, सांगा."

"काय सांगू?"

"काहीपण. बोनाफाइड सांगा, दाखला सांगा."

"मला काय सांगायचं न्हाई." अण्णांनी तोंड खिडकीकडे फिरवलं.

"कार्तिकी, पुरे आता," प्राचार्य म्हणाले.

"एकच पत्र, सर." तिनं पडदा अण्णांना नीट दिसेल असा वळवला आणि टाइप करता करता मोठ्यानं वाचू लागली. "आपला विश्वासू, प्राचार्य. महोदय, कृपया लवकर कळवावे. प्रति, कुलसचिव..."

स्टुलावर चुळबुळ झाली. तिनं तसंच पुढं रेटलं. सही वर, मायना खाली, तारीख नाही, विषय नाही. तीस वर्षं ज्यांच्या हाताखालून एकही वाकडं पत्र विद्यापीठात गेलं नव्हतं, ते कपाळ चोळू लागले.

"अगं जावक क्रमांक कुठाय?" अण्णांना राहवलं नाही. "कुलसचिवांना असं पत्र जातं व्हय? पुसून टाक ते सगळं!"

"पुसलं. मग कसं?"

"आधी जावक क्रमांक... त्याखाली दिनांक... मग प्रति... माननीय कुलसचिव साहेब..." अण्णांचे डोळे आपोआप मिटले. दोन शब्द, श्वास. तीन शब्द, श्वास. "विषय... अंतर्गत गुण... सादर करण्यास... मुदतवाढ मिळणेबाबत. महोदय... उपरोक्त विषयास अनुसरून..." कार्तिकीची बोटं त्यांच्यामागून चालत राहिली, ते थांबले की थांबत, निघाले की निघत.

'नमस्कार, आ. बा. मगदूम.'

अण्णांनी डोळे उघडले, पडदा पाहिला आणि तोंडावर हात नेला. नेला तो उजवा. तो सगळ्यांसमोर थरथरत राहिला आणि लपवायचं त्यांना भानही उरलं नाही.

प्राचार्यांनी पुढे वाकून पडदा पुन्हा वाचला. मग वांगीकर मॅडम म्हणाल्या, "बोटं हिची आहेत आणि शब्दांमधली विश्रांती अण्णांची. यंत्रानं या दोघांना मिळून एक माणूस समजून शिकून घेतलंय. त्या माणसाला आपण मगदूम म्हणतोय, पण असा माणूस कधी नव्हताच."

पुढचं सगळं रीतसर झालं. अण्णांनी दवाखान्याचा कागद दाखवला. यादीचा ठपका त्यांच्यावरून निघाला. खातं दुसऱ्याच्या हाती दिल्याबद्दल ताकीद आणि उपचाराच्या रजेवरून रुजू होतील तेव्हा दुसरं काम, असं ठरलं. हिरुगडे सरांचं प्रकरण वेगळ्या समितीकडे गेलं, म्हणजे लांबणीवर गेलं. प्राचार्यांनी चष्मा काढून पुसला. "कार्तिकी, मला फार वाईट वाटतंय. पण अहवाल विद्यापीठात जाणार, आणि कलम अकरा वाकवलं तर उद्या धोरणाला काही अर्थच उरणार नाही."

"कळतंय, सर. मला पाच मिनिटं द्या."

तिनं व्हरांड्यात जाऊन पूर्वाला फोन लावला. "तुझे मार्क मी दिले होते," ती म्हणाली आणि कसे दिले ते सांगितलं. पूर्वानं सगळं ऐकून घेतलं आणि फोन ठेवला. कार्तिकीनं डोळे कोरडे केले आणि ती आत आली.

आत एक नवीच अडचण उभी राहिली होती. कमी केल्याचा आदेश हेडक्लार्कच्या खात्यावरूनच निघे, आणि कलमाप्रमाणे तो त्याच दिवशी निघायला हवा होता. नव्या माणसाचा हात शिकायला यंत्राला सहा आठवडे लागणार. प्राचार्यांनी मॅडमकडे पाहिलं, मॅडमनी टेबलाकडे.

"मग... दोघांनी मिळूनच काढा," प्राचार्य हळूच म्हणाले. या वेळी कलम चारचा विषय कुणी काढला नाही.

कार्तिकी खुर्चीत बसली, अण्णा स्टुलावर. क्रमांक, दिनांक, विषय एवढं अण्णांनी सांगितलं आणि ते थांबले. ते खाली बघत राहिले. कार्तिकीला मजकूर ठाऊक होता. असे आदेश तिनं दुसऱ्यांसाठी केले होते. अण्णांचा त्रास वाचावा म्हणून तिनं एकटीनंच पुढं टाइप करायला घेतलं: कलम अकराचा हवाला, स्वतःचा वर्ग, वसतिगृह, खाट आज सायंकाळी पाचच्या आत रिकामी करावी. चौथ्या ओळीला यंत्रानं कुलूप लावलं. 'हात ओळखीचा नाही.'

"अण्णा," ती म्हणाली, "तुम्ही सांगितल्याबिगर न्हाई व्हायचं हे."

अण्णांनी डाव्या हातानं डोळे पुसले, उजवा तसाच गुडघ्यावर हलत राहू दिला. मग त्यांनी डोळे मिटले.

"कुमारी..." ते म्हणाले आणि श्वास घेतला. "कार्तिकी... बिरू होनमाने... यांस..."

आदेश आठ ओळींचा होता. अण्णांनी तो शेवटपर्यंत सांगितला, कार्तिकीनं शेवटपर्यंत टाइप केला, आणि यंत्रानं एकदाही हरकत घेतली नाही.